‘नऊ वर्षांत झालं नाही, आता काय होणार?’

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३३. लग्नाला नऊ वर्षं झाली, सात वर्षांची मुलगी आहे. पाच महिन्यांपूर्वी यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. त्याआधीच्या रक्ततपासणीत त्यांना एचआयव्ही असल्याचं कळलं. लगेच माझीही तपासणी झाली, दोन महिन्यांनी पुन्हा झाली. दोन्ही वेळा निगेटिव्ह. यजमानांच्या गोळ्या सुरू झाल्या, पण हल्ली आठवड्यातून दोन-तीन दिवस चुकतात. ‘तुला नऊ वर्षांत झालं नाही, आता काय होणार?’ असं म्हणून ते निरोध वापरायलाही तयार नसतात. माझा धाकटा दीर खूप वाचतो. तो म्हणतो, काही माणसांच्या जनुकांतच असं काही असतं की त्यांना एचआयव्ही होऊच शकत नाही, आणि वहिनी त्यातलीच असणार. लाळेचा नमुना पाठवला की जनुकं तपासून देणाऱ्या एका कंपनीची माहितीही त्याने दिली आहे. मी ती चाचणी करून घेऊ का? तसं जनुक निघालं तर आम्हाला निर्धास्त राहता येईल का? ते मुलीत उतरलं असेल का? आम्हाला दुसरं मूल हवं आहे, म्हणून विचारते.
— निगेटिव्ह, पण धास्तावलेली

उत्तर : जनुकांवर मी सविस्तर बोलणार आहे, कारण तुमचे दीर म्हणतात त्यात तथ्य आहे. पण त्याआधी एक तातडीची गोष्ट. गेल्या तीन दिवसांत निरोधाशिवाय संबंध आला असेल, तर पुढचं नंतर वाचा आणि आधी दवाखाना गाठा. संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू केलेला २८ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स लागण टाळू शकतो. त्याला ‘पेप’ म्हणतात. जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं. ७२ तास उलटल्यावर त्याचा उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट तुमच्या ‘निगेटिव्ह’ या शब्दाची. शेवटची तपासणी होऊन आता जवळपास तीन महिने झाले आणि मधल्या काळात निरोध वापरला गेलेला नाही. म्हणजे तो रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीच्या तुमच्याबद्दल बोलतो, आजच्या तुमच्याबद्दल नाही. आज पुन्हा तपासणी करा. प्रयोगशाळेतली नव्या पद्धतीची तपासणी, जी विषाणूचा अंश आणि शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं असं दोन्ही शोधते, ती शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली की भरवशाची. बोटातून थेंबभर रक्त घेऊन करतात त्या झटपट तपासणीसाठी ९० दिवस धरा. मधल्या काळात अंगावर पुरळ, ताप, घसा दुखणं, मानेत गाठी असं काही झालं तर ‘व्हायरल असेल’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना घरची परिस्थिती सांगा.

आता त्या नऊ वर्षांबद्दल.

तुमच्या घरात सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : नऊ वर्षं विषाणू घरात होता आणि तुम्हाला तो लागला नाही, म्हणजे तुमच्यात काहीतरी वेगळं आहे. यातलं पहिलंच वाक्य मला मान्य नाही. यजमानांना लागण कधी झाली हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, आणि कुठलीही साधी रक्ततपासणी तारीख सांगत नाही. सीडी४ पेशींच्या (विषाणू ज्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो, त्या) संख्येवरून डॉक्टर अंदाज बांधतात, पण तो अंदाजच असतो. लागण दीड वर्षापूर्वी झालेली असू शकते, मग नऊ वर्षांचा हिशेब मुळातच गडगडतो. ती लग्नाआधीची असू शकते. ती संबंधांतून आलेली असेल, सुईतून किंवा रक्तातूनही आलेली असेल. तुम्ही पत्रात हे विचारलेलं नाही, पण ‘नऊ वर्षं’ हे शब्द तुम्ही ज्या तऱ्हेने लिहिले आहेत त्यावरून तो प्रश्न मनात घोळतो आहे असं वाटलं. तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त तो भांडणात विचारू नका, समुपदेशकासमोर दोघं बसाल तेव्हा विचारा.

आणि समजा, नऊही वर्षं विषाणू घरात होता. तरी हिशेब काय सांगतो ते पाहा. उपचार नाहीत, निरोध नाही, अशा परिस्थितीत पुरुषाकडून स्त्रीला योनीमार्गे संबंधातून लागण होण्याचं प्रमाण सरासरीने दहा हजार वेळांमागे सुमारे ८ धरलं जातं. ऐकून माणसं चकित होतात. एचआयव्हीची भीती इतकी मोठी आहे की एकदा संपर्क आला की संपलं, असंच सगळ्यांना वाटतं. वर्षाला सरासरी शंभर वेळा संबंध धरले तर अशा शंभर बायकांपैकी वर्षभरात साधारण आठ जणींना लागण होईल आणि ब्याण्णव निगेटिव्ह राहतील. पाच वर्षांनी जवळपास दोन तृतीयांश निगेटिव्ह असतील. नऊ वर्षांनी साधारण निम्म्या. या निम्म्या बायकांत कुठलंही दैवी जनुक नाही. लागण केवळ त्यांच्या वाट्याला आली नाही, एवढंच.

पण म्हणून हा आकडा उशाशी घेऊन झोपू नका. सरासरी ही फसवी चीज आहे. लागण नवी असते तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड असतो आणि धोका कितीतरी पटींनी वाढतो. दोघांपैकी कुणाला दुसरा गुप्तरोग असेल, जखम असेल, तर वाढतो. आजार पुढे सरकला की पुन्हा वाढतो. गुदमार्गे संबंधात तर ज्याच्या शरीरात प्रवेश होतो त्याच्यासाठी हे प्रमाण दहा हजारांत १३८ च्या घरात जातं. शिवाय नऊ वर्षं टळलं म्हणून दहाव्या वर्षी टळेल, असं या हिशेबात कुठेच नाही. दर वेळी पाटी कोरी असते. यजमान नेमकं हेच उलटं धरून बसले आहेत.

आता दिरांच्या जनुकाकडे येऊ. ते जे म्हणतात ते जनुक खरं आहे आणि त्याची गोष्ट वैद्यकातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

१९८० च्या दशकात एड्सची साथ पसरली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये स्टीफन क्रोन नावाचा एक माणूस होता. त्याचा जोडीदार १९८२ मध्ये गेला, त्यामागून एकेक मित्र जात राहिले, आणि याला काहीच होईना. तो स्वतःहून डॉक्टरांकडे गेला : मी का जिवंत आहे ते शोधा. त्याच्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत विषाणूसोबत ठेवल्या, भरपूर विषाणू ओतला, तरी पेशींना लागण होईना. उत्तर १९९६ मध्ये मिळालं. एचआयव्हीला पेशीत शिरायचं तर दोन ठिकाणी पकड घ्यावी लागते. पहिली पकड सीडी४ नावाच्या प्रथिनावर, दुसरी बहुतेक वेळा शेजारच्या सीसीआर५ या प्रथिनावर. दुसरी पकड मिळाली नाही तर विषाणू दाराशी लोंबकळत राहतो. क्रोनच्या पेशींवर सीसीआर५ नव्हतंच. ते बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यातली ३२ अक्षरं गळलेली होती. ही कृती तीन-तीन अक्षरांच्या गटाने वाचली जाते. ३२ ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे गळलेल्या जागेपासून पुढचं सगळं वाचन घसरतं, प्रथिन अर्धवट राहतं आणि पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नाही. या बदलाला ‘डेल्टा ३२’ म्हणतात.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती डेल्टा ३२ असतील तरच असं भक्कम संरक्षण मिळतं. एकच प्रत असेल तर लागण होतेच. फार तर आजार थोडा सावकाश पुढे सरकतो, उपचारांशिवायच्या काळात सुमारे दोन वर्षांनी. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण शंभरात एकाकडे दोन्ही प्रती सापडतात, आणि तेही उत्तर युरोपात जास्त, दक्षिणेकडे कमी होत जाणारं. आफ्रिका, पूर्व आशिया आणि दक्षिण आशियातल्या मूळ लोकसंख्येत हा बदल अतिशय विरळ. तुमचे पूर्वज दक्षिण आशियातले असतील तर तुमच्यात त्याच्या दोन्ही प्रती निघणं जवळपास अशक्य समजा. (आणि हा बदल एचआयव्हीमुळे पसरलेला नाही. हा विषाणू चिंपांझींतून माणसात आला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराला, आणि डेल्टा ३२ त्याच्या हजारो वर्षं आधीचा. तो का पसरला, देवीमुळे, प्लेगमुळे की आणखी कशामुळे, यावर शास्त्रज्ञांची अजून जुंपलेली असते.)

या जनुकामुळे काय काय घडलं ते दिरांनी वाचलं असेलच. टिमोथी ब्राउन नावाचा अमेरिकन माणूस बर्लिनमध्ये राहायचा. त्याला एचआयव्ही होता आणि त्यावर रक्ताचा कॅन्सर झाला. त्याचे डॉक्टर गेरो ह्यूटर यांनी २००७ मध्ये त्याच्यासाठी असा दाता शोधला ज्याच्याकडे डेल्टा ३२ च्या दोन्ही प्रती होत्या. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीच बदलल्यावर ब्राउनने एचआयव्हीच्या गोळ्या थांबवल्या आणि विषाणू परतला नाही. २०२० मध्ये त्याचा मृत्यू झाला तो कॅन्सर उलटल्यामुळे. तेव्हाही तो एचआयव्हीमुक्तच होता. त्यानंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ अशा ठिकाणी आणखी काही जण असे बरे झाले. पण हे सगळे कॅन्सरचे रुग्ण होते. अशा प्रत्यारोपणात जीव जाण्याचा धोका इतका असतो की केवळ एचआयव्हीसाठी कुणी ते करत नाही. दुसरं फळ जास्त उपयोगाचं निघालं. सीसीआर५ झाकून टाकणारं मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये आलं. गंमत अशी की ते देण्याआधी रुग्णाच्या विषाणूची तपासणी करावी लागते, कारण काही विषाणू सीसीआर५ ऐवजी सीएक्ससीआर४ नावाची दुसरीच कडी पकडतात आणि त्यांच्यावर हे औषध चालत नाही.

दिरांच्या वाचनातून नेमकं हेच निसटलं आहे. सीसीआर५ चा दरवाजा भिंतीसारखा बंद असला तरी काही विषाणू खिडकीतून येतात. डेल्टा ३२ च्या दोन्ही प्रती असूनही एचआयव्ही झालेल्या माणसांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणजे जगातलं सर्वांत मजबूत मानलेलं जनुकीय संरक्षणही निरोध सोडून देण्याचा परवाना देत नाही.

आणखी कुठली जनुकं? शोध भरपूर झाले. २००५ च्या सुमाराला दुसऱ्या एका जनुकाच्या जास्त प्रती असल्या की लागण कमी होते, अशी मोठी बातमी झाली होती. नंतरच्या तपासण्यांत ते टिकलं नाही. २०१३ मध्ये युरोपीय वंशाच्या सहा हजारांहून अधिक बाधित आणि सात हजारांहून अधिक निरोगी माणसांची संपूर्ण जनुकसंपदा चाळून पाहिली गेली. लागण होणं-न होणं ठरवणारा ठाम धागा त्यात एकच निघाला, तोच डेल्टा ३२. बाकी सगळी जनुकं मिळून एखाद्याला थोडं इकडे-तिकडे झुकवत असतीलही, पण ज्याच्यावर बोट ठेवावं असं काही हाती लागलं नाही.

एचएलए नावाच्या जनुकांचा मात्र वेगळा उल्लेख करायला हवा. ती लागण थांबवत नाहीत, पण लागण झाल्यावर काय होणार यावर त्यांचा मोठा हात असतो. बी ५७ किंवा बी २७ हा प्रकार असलेल्या काहींच्या शरीराला विषाणूचा एखादा नाजूक तुकडा नेमका ओळखता येतो आणि ते औषधांशिवायही विषाणू दाबून ठेवतात. असे लोक बाधितांमध्ये शंभरात एकाहूनही कमी. उलट बी ३५ चे काही प्रकार असले की आजार लवकर बळावतो. आणि यातूनच तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. बी ५७:०१ हा प्रकार असलेल्या माणसाला अबॅकाव्हिर हे एचआयव्हीचं औषध दिलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ते औषध सुरू करण्याआधी हे जनुक तपासतात. सांगायचं इतकंच की तुमच्या घरात जनुक-चाचणीची खरी गरज कधी पडलीच तर ती तुमची नव्हे, यजमानांची पडेल. तीही डॉक्टरांनी ते औषध द्यायचं ठरवलं तर.

नैरोबीचं उदाहरण मी अशा पत्रांना उत्तर देताना हमखास सांगते. तिथे १९८५ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. आजूबाजूच्या बहुतेकींना लागण होत होती, पण मोजक्या काही जणी वर्षानुवर्षं निगेटिव्ह राहिल्या. त्यांच्या रक्तात एचआयव्हीला ओळखून मारणाऱ्या पेशीही सापडल्या. सगळ्यांना वाटलं, या बायकांना लागण होऊच शकत नाही, लशीचं गुपित इथेच आहे. आणि मग त्यांच्यातल्याच काहींना उशिरा लागण झाली. पाहिलं तर त्यातल्या अनेकींनी मधे काही काळ धंदा कमी केला होता किंवा थांबवला होता. म्हणजे जे काही संरक्षण होतं ते जन्मजात कुलूप नव्हतं. संपर्क तुटला तसं तेही विरलं. नऊ वर्षं निगेटिव्ह राहिलेल्या कुठल्याही बाईला मी हे सांगते, आणि प्रत्येक वेळी समोरचा चेहरा थोडा उतरतो. तुमचाही उतरला असेल. पण खोट्या भरवशापेक्षा ते बरं.

लाळेच्या चाचणीविषयी माझं स्पष्ट मत : करू नका. डेल्टा ३२ निघण्याची शक्यता नगण्य, निघाली तरी निर्णय बदलत नाही, नाही निघाली तर उगाच धास्ती वाढेल. शिवाय अशा स्वस्त चाचण्या जनुक अक्षर-अक्षर वाचत नाहीत, ठरावीक खुणा तपासून अंदाज करतात आणि त्यात चुका होतात. याचा एक मासला सांगते. २०१९ मध्ये एका नामवंत नियतकालिकात निबंध आला की डेल्टा ३२ च्या दोन्ही प्रती असलेल्या लोकांचा मृत्यूदर २१ टक्क्यांनी जास्त असतो. ब्रिटनच्या सुमारे चार लाख लोकांच्या माहितीवरून हे काढलेलं होतं. जगभर बातम्या झाल्या. काही महिन्यांत निबंध मागे घ्यावा लागला, कारण चाचणीतली खूण हेच डेल्टा ३२ नीट मोजत नव्हती, दोन्ही प्रती असलेले बरेच लोक तिच्यातून निसटले होते. तज्ज्ञांची ही गत, तर घरपोच डबीवर तुम्ही संसार ठरवणार का? आणि तुमची लाळ एकदा कंपनीकडे गेली की तुमची, आणि पर्यायाने तुमच्या मुलीचीही, जनुकीय माहिती कुणाच्या हाती राहील याचाही विचार करा.

मुलीचं म्हणाल तर दोन गोष्टी. एक, तिला एचआयव्ही असण्याची काळजी सोडा. जन्माच्या वेळी किंवा दुधातून तो बाळाला येतो तो आईकडून, आणि गरोदरपण, बाळंतपण, अंगावर पाजणं हे सगळं होऊन कित्येक वर्षांनी केलेल्या तपासणीत तुम्ही निगेटिव्ह होता. वडिलांसोबत जेवल्याने, झोपल्याने, त्यांनी पापा घेतल्याने काही होत नाही. घरात तिच्या बाबतीत काही वेगळं वागणं सुरू झालं असेल तर ते आजच थांबवा. दोन, जनुकाचं. तुमच्यात डेल्टा ३२ असतं तरी तुमच्याकडून तिला एकच प्रत गेली असती. दुसरी वडिलांकडून यायला हवी, आणि यजमानांकडे दोन्ही प्रती असत्या तर बहुधा आज हे पत्रच लिहावं लागलं नसतं.

दुसऱ्या बाळासाठी जनुकांकडे पाहणारे तुम्ही पहिले नाही. २०१८ मध्ये ‘हे जियानक्वी’ नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने जाहीर केलं की त्याने गर्भाच्या सीसीआर५ जनुकात फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्या आहेत. ते जोडपं कसं होतं माहीत आहे? वडील पॉझिटिव्ह, आई निगेटिव्ह. अगदी तुमच्यासारखं. फेरफारही धड जमला नव्हता, डेल्टा ३२ तर झालाच नव्हता, वेगळेच बदल झाले, आणि ते या मुलींच्या शरीरात पुढे काय करतील हे कुणी सांगू शकत नव्हतं. त्याला तीन वर्षांची कैद झाली. मला सगळ्यांत जास्त राग याचा आला की त्या आई-बापांना त्याची गरजच नव्हती. वडिलांच्या रक्तातला विषाणू नेहमीच्या गोळ्यांनी दबलेला होता, तेवढ्यावरही बाळ निरोगी झालं असतं.

ते तुमच्याही बाबतीत खरं आहे, म्हणून आता यजमानांच्या गोळ्यांकडे येते. रोज न चुकता घेतल्या तर बहुतेकांच्या रक्तातला विषाणू सहा महिन्यांच्या आत इतका कमी होतो की नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. तो तसा राहिला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ‘कमी होते’ असं मी म्हणत नाही, होत नाही. हे उगाच दिलेलं आश्वासन नव्हे. युरोपातल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा ८८८ जोडप्यांनी मिळून निरोधाशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध ठेवले. पॉझिटिव्ह जोडीदाराचा विषाणू औषधांनी दबलेला होता. त्याच्याकडून निगेटिव्ह जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. नंतर समलिंगी पुरुष जोडप्यांत ७६ हजारांच्या आसपास संबंधांचा हिशेब झाला. तिथेही शून्य. डेल्टा ३२ सुद्धा इतकी खात्री देऊ शकत नाही.

पण हे शून्य रोजच्या गोळीवर उभं आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस चुकत असतील तर ते तुमच्या घरात आज लागू नाही. गोळ्या पूर्ण थांबल्या की बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत वर येतो. आणि अधूनमधून घेण्याने त्याला औषध ओळखीचं होतं, मग तेच औषध पुढे काम करेनासं होतं. यजमानांचा ‘तुला झालं नाही’ हा युक्तिवाद तुमच्यावर जेवढा अन्याय करतो तेवढाच त्यांच्या स्वतःवर. तुम्ही निगेटिव्ह आहात यावरून त्यांच्या शरीरातला आजार सौम्य आहे असं अजिबात ठरत नाही.

अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि सहसा हा नुसता आळस नसतो. गोळीची बाटली उघडली की रोज एकदा आठवण होते : आपल्याला हे आहे, आणि आपल्यामुळे हिला होऊ शकतं. ‘हिला होतच नाही’ असं म्हटलं की दोन्ही आठवणी एकदम मिटतात. तुमच्या दिरांनी नकळत त्यांना शास्त्राचा आधार पुरवला आहे. म्हणून ‘गोळी घेतली का?’ असं पहारेकऱ्यासारखं विचारण्याऐवजी त्यांना पुढच्या भेटीला सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना व्हायरल लोड तपासायला सांगा. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत, याचा तो आकडा. तो २०० च्या खाली येऊन तिथे टिकला पाहिजे. डोळ्यांना दिसणारा आकडा खाली येताना पाहिला की कित्येक जण आपोआप नियमित होतात. गोळ्यांनी मळमळ होते, झोप उडते, असं काही असेल आणि ते बोलत नसतील तर तेही तिथे बाहेर येईल. औषध बदलता येतं.

तोवर तुमचं संरक्षण तुमच्या हाती असू द्या. एक उपाय निरोध, तो प्रत्येक वेळी. यजमान ऐकत नसतील तर तुमच्यासाठी ‘प्रेप’ आहे. निगेटिव्ह माणसाने रोज घ्यायची गोळी, नियमित घेतली तर संबंधातून होणारी लागण फार मोठ्या प्रमाणात रोखते. त्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री आणि मूत्रपिंडांची तपासणी करतात. त्यासाठी यजमानांची परवानगी लागत नाही, हे मुद्दाम सांगते. आणि निरोधाशिवाय संबंधाला नाही म्हणण्यासाठी तुम्हाला कुठलंही जनुक, कुठलाही रिपोर्ट दाखवायची गरज नाही. नाही म्हटल्यावर जबरदस्ती होत असेल तर डॉक्टरांना एकटीला भेटायचं आहे असं सांगा आणि तिथे बोला. हे पत्रात नाही, पण नसेलच असं धरून मी चालत नाही.

बाळाचा विचार त्यानंतर. व्हायरल लोड सापडण्याच्या खाली जाऊन निदान सहा महिने तसाच राहिला की नैसर्गिक रीतीने प्रयत्न करता येतो. त्या काळात तुम्ही प्रेप सुरू ठेवायचं का, हे डॉक्टरांशी ठरवा. गरोदरपणात ते घेता येतं. वीर्य धुऊन मग गर्भधारणा करण्याची पद्धत पूर्वी सर्रास वापरायचे, आता तिची गरज क्वचितच पडते. तुम्ही निगेटिव्ह राहिलात की बाळालाही लागण होत नाही. म्हणून गरोदर राहिल्यावरही मधूनमधून तपासणी करत राहा.

दिरांवर रागावू नका. त्यांना वहिनीसाठी काहीतरी चांगलं शोधायचं होतं आणि त्यांनी जे शोधलं ते खोटं नव्हतं, फक्त तुमचं नव्हतं. त्यांना एक काम द्या : भावाच्या फोनमध्ये रोजच्या गोळीचा गजर लावून द्यायला सांगा, आणि तपासणीच्या दिवशी मुलीला सांभाळायला.

व्हायरल लोडचा रिपोर्ट आला की मला लिहा. नाव-गाव नको, नुसता आकडा पाठवला तरी चालेल.